रसमियाचे कोरडे डोळे

मुल्लाया रसमिया दारातून आत आली की बसऱ्यातल्या बायका डोळे पुसायला अंगावरच्या काळ्या अबायाचं टोक हातात धरूनच बसायच्या. कुणाच्याही घरी कुणीही गेलेलं असो, शोकगीतं गाऊन दुखवट्याला जमलेल्या बायकांना रडवायचं, हे मुल्लायाचं काम. आवाज घोगरा, पण पहिल्या ओळीला एकमेकींकडे तिरकं बघणाऱ्या सासवा-सुना तिसऱ्या ओळीला एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या असत.

शिकायला येणाऱ्या पोरींना ती सांगायची, दुःखाची वाट बघत बसू नका. आधी वाकायचं, छातीवर तळवा मारायचा, श्वास तोडायचा. डोळे भरले की दुःख येतं मागून. स्वतः तिला हे इतकं साधलं होतं की जिचं तोंडही कधी पाहिलं नाही अशा म्हातारीसाठी ती ढसाढसा रडायची आणि घरी येऊन पोटभर मासे जेवायची. त्यात तिला काही वावगं वाटत नसे. शरीर म्हणजे चावीचं खेळणं आणि चावी आपल्या हातात, एवढंच तिचं तत्त्वज्ञान, आणि त्याची तिला भारी घमेंड.

गेल्या हिवाळ्यात ते खेळणंच बिघडलं. डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखं व्हायचं, जीभ टाळूला चिकटायची, चहाच्या घोटाशिवाय भाकरी उतरेना. डॉक्टरनं तपासून सांगितलं, शरीर स्वतःच्याच अश्रूंच्या ग्रंथींवर उलटलंय. आता त्या पाझरायच्या नाहीत. त्यानं थेंबांची बाटली दिली, कृत्रिम अश्रूंची.

"आयुष्यभर माझी आसवं खरी म्हणून खपवली," रसमिया म्हणाली, "आता खोटी विकत घेऊ?"

डॉक्टर हसला. मग तिनं विचारलं, डोळे भरले नाहीत तर दुःख येणार कुठून? तो म्हणाला, दुःख डोळ्यांत नसतं, ते मेंदूत होतं. रसमियाला हे मुळीच पटलं नाही. कालचं पोर, त्यानं किती मयती पाहिल्या असणार!

आणि मग बद्रिया गेली. रसमियाची धाकटी बहीण. दोघी लग्न होईपर्यंत एका गादीवर झोपलेल्या, एकीला ताप आला की दुसरीचं कपाळ तापायचं.

घरच्या माणसानं दुखवट्यात गायचं नसतं, भिंतीशी बसून रडायचं असतं. गायला बाहेरची मुल्लाया बोलावतात. सुहादनं, म्हणजे बद्रियाच्या एकुलत्या एका मुलीनं, साजिदाला बोलावलं. साजिदा रसमियाच्याच हाताखाली शिकलेली.

रसमिया भिंतीशी बसली. छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं होतं, जबडा उघडत नव्हता. डोळ्यांत मात्र टिपूस नाही. ती वाकली, छातीवर तळवा मारला, श्वास तोडला. डोळे नुसते चुरचुरले. बायका बघू लागल्या. ते बघणं रसमियाला चांगलं ओळखीचं होतं. बैठकीत कोरडी बसलेली एखादी सून दिसली की रसमिया स्वतःच त्या सुनेकडे तोंड करून, ती फुटेपर्यंत तिच्यावर ओळी सोडायची.

साजिदानं तेच केलं. गुरुबाईंना मोकळं करावं म्हणून ती बिचारी रसमियाकडे वळली आणि दोन बहिणींच्या एका गादीचं गाऊ लागली. सगळी बैठक वळून बघत होती. रसमियाला पळावंसं वाटलं. पळण्याऐवजी ती उठली, साजिदाच्या जागेवर जाऊन बसली आणि स्वतःच गाऊ लागली. तिच्या शरीराला दुसरं काही येतच नव्हतं. बायका हंबरडा फोडून रडल्या. फक्त सुहादचं रडणं तेवढं थांबलं.

बैठक उठल्यावर सुहादनं मावशीला स्वयंपाकघरात गाठलं. वाळल्या लिंबाचा चहा तिच्यापुढे ठेवला, पण बस म्हणाली नाही.

"खाला, परक्या बायकांसाठी रडलीस तू. माझ्या आईसाठी नुसतं गायलीस."

रसमियानं आजाराचं सांगितलं, ग्रंथींचं सांगितलं. सुहादनं सगळं ऐकून घेतलं.

"रडायला दुःख लागत नाही, असं तूच पोरींना सांगायचीस. मी कोपऱ्यात बसून ऐकलंय. आता म्हणतेस दुःख आहे, पण रडू येत नाही. मी कशावर विश्वास ठेवू, खाला?"

आपली छाती उघडून कुणाला दाखवता येत नाही. दाखवायला डोळेच असतात, आणि तेच तिला सोडून गेले होते.

दुखवट्याच्या शेवटच्या दिवशी बैठकीला येताना तिनं जिन्यात थांबून ती बाटली काढली. स्वतःची लाज वाटत होती, तरी दोन्ही डोळ्यांत थेंब ओतले, गरजेपेक्षा जास्तच. गालांवरून धारा लागल्या. तशीच ती आत जाऊन भिंतीशी बसली.

सुहादनं पाहिलं. ती उठली, जवळ आली आणि खालाच्या मांडीत डोकं खुपसून पहिल्यांदा पोटातून रडली. "आलं ना," ती म्हणत होती, "उशिरा का होईना, आलं ना, खाला." तिनं रसमियाचे दोन्ही हात घट्ट धरले होते.

गाल ओले होते, तेव्हा मागून दुःख येईल म्हणून रसमिया वाट बघत राहिली. आजवर नेहमी आलं होतं. पण यायचं ते केव्हाच येऊन बसलेलं होतं, छातीवर, पहिल्या दिवसापासून, आणि या उसन्या पाण्यानं ते तसूभरही हललं नाही. डॉक्टरचं खरं होतं म्हणायचं. पण दुःख आहे हे बद्रियाच्या पोरीला पटवायला या पाण्यावाचून दुसरं काही हाताशी नव्हतं.

पंखा डोक्यावर होता. गाल वाळत चालल्याचं तिला कळत होतं. बाटली खिशात होती, हात सुहादच्या हातांत होते. ते सोडवून घ्यायचं बळ रसमियाच्यात नव्हतं, आणि सुहाद तिच्याकडे बघायला मान वर करत होती.