आजोबांची वेणी

"अहो, ही वेणी आहे की उसवलेली सुतळी?" आजीने भिंगरीला पाठमोरी उभी करून विचारलं. शाळेतून आलेल्या नातीचे केस पाठभर सुटले होते आणि रिबीन दप्तराला लोंबत होती. या आठवड्यात रोज हेच चाललं होतं.

आजोबा वेताची पट्टी बादलीत भिजवत होते. "बोटं म्हातारी झाली गं," एवढंच म्हणाले.

आजीचं मनगट मोडून वाकडं बसल्यापासून वेणीचा कारभार आजोबांकडे होता. जन्मभर वेताच्या खुर्च्या विणलेला माणूस! पोरीचे केसही आधी ओले करायचा, मग तिला गुडघ्यांत धरून असे आवळायचा की भिंगरीच्या भुवया दिवसभर वर. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी सारखी चकितच होतेय. पण वेणी झोपेतही हलायची नाही. भिंगरी ती शाळेत मिरवायची.

आणि नेमकी आत्ताच ही बोटं दगा द्यायला लागली. रविवारी लेक येणार होती, भिंगरीला कायमची न्यायला. परगावच्या कारखान्याच्या वसतिगृहात लेकरं ठेवू देत नसत, म्हणून तिने तीन वर्षांची पोर इथे सोडली होती. आता पोर आठ वर्षांची झाली होती आणि लेकीला दोन खोल्या मिळाल्या होत्या. मधल्या काळातली तापाची जागरणं, पाढे, उवा, रुसवेफुगवे, सगळं या दोघांनी निभावलं. गुडघे कुरकुरले असतील, ती दोघं नाही.

पोर जावी असंही आजीला वाटे, आणि जाऊ नये असंही. भिंगरीने मात्र सांगून टाकलं होतं, "मी नाही जाणार. आईला माझी वेणी तरी येते का?"

रडतओरडत गेली तर लेकीच्या काळजाचं काय होईल, या विचाराने आजीला घास गोड लागत नव्हता.

रविवारी लेक आली. तिने हात पसरले तर भिंगरी आजोबांच्या पाठीमागे. पाहुण्यांकडे बघावं तशी बघत राहिली. लेकीने हात हळूच मागे घेतले आणि उगाच पिशवी आवरायला लागली.

दुपारी वेणी सुटलीच.

"आजोबा, पुन्हा!"

"माझ्याच्यानं नाही होत आता. आईला सांग." आजोबांनी कंगवा लेकीपुढे धरला. "केस आधी—"

"ओले करायचे. खुर्च्या विणताना बघितलंय की तुम्हाला," लेक म्हणाली. तिने केस ओले करून पेड आवळायला घेतले. "दुखतंय का गं?"

"छे! आणखी आवळ."

"एवढं?"

"अजून!"

भिंगरीच्या भुवया वर गेल्या. ते बघून लेकीला हसू फुटलं आणि पाठोपाठ भिंगरीलाही. वेणी चाचपत ती आरशापाशी गेली, कितीतरी वेळ मान वळवून बघत राहिली.

"आई, तिकडे आरसा आहे?"

"घेऊ की."

"खाली लाव हं. माझ्या उंचीला."

संध्याकाळी दोघी निघाल्या. वळणावर भिंगरीने उड्या मारमारून हात हलवला. वेणीचा एक केस ढळला नाही. आजी दारातच ढसाढसा रडली.

डोळे पुसून आत आली ती तेलाची बाटली घेऊनच. "आणा ती बोटं इकडे. चोळून देते."

आजोबा अर्धवट विणलेल्या खुर्चीवर वाकले होते. शेजारी विणून झालेली दुसरी खुर्ची होती. आजीने सहज तिच्यावर पंजा टेकला. बैठक ताणून बसवलेल्या चामड्यासारखी लागली, कुठे एक पट्टी सैल नव्हती.

"ही कधी विणलीत?"

"याच आठवड्यात," आजोबा म्हणाले, आणि मान वर न करता बादलीत पट्टी शोधू लागले. पट्टी त्यांच्या हातातच होती.

आजीने खुर्चीकडे बघितलं, मग त्यांच्या बोटांकडे. मग तिने बाटली खाली ठेवली, त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि वाकड्या हाताने पट्टीचं दुसरं टोक धरलं.

"ओढा," ती म्हणाली. "मी धरलंय."