सणसरच्या वरातीतली चिंच

इंदापूरच्या नवगुलशन ब्रास बँडमध्ये मोईन दुसरा क्लॅरोनेट वाजवायचा. पहिला इस्माईल मास्तरांचा. दुसऱ्यानं काय करायचं, तर पहिल्यानं गाणं उचललं की खालच्या अंगानं त्याच्या मागं मागं जायचं, आणि तो दम घ्यायला थांबला की गाणं पडू द्यायचं नाही. मिसरूड फुटल्यापासून मोईन हेच करत आला होता. बाप लहानपणीच वारला, तेव्हा मास्तरांनी त्याला घरात घेतलं, हातात क्लॅरोनेट दिला, पुढं परवीनशी लग्नही त्यांनीच जमवलं. त्या वरातीत मास्तर स्वतः वाजवत होते, आणि मध्येच दम लागल्यावर सवयीनं त्यांनी घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाच डोळ्यांनी खुणावलं होतं, जरा सांभाळ म्हणून.

बँडमधल्या सगळ्यांच्या टोप्या लाल. मास्तरांची तेवढी पांढरी, पुढं सोनेरी गोंडा आणि वर वीतभर तुरा. वरात गर्दीत दिसेनाशी झाली तरी तुरा दिसायचा. मोईनला त्या तुऱ्याचं कधी काही वाटलं नव्हतं, निरवांगीच्या लग्नापर्यंत.

निरवांगीला जेवणं झाल्यावर मास्तर हात धुवायला गेले आणि आपला क्लॅरोनेट नि टोपी मोईनकडं देऊन गेले. आता दोन हातांत दोन क्लॅरोनेट, मग टोपी कुठं धरणार? मोईननं ती डोक्यावर ठेवली. तेवढ्यात एक म्हातारी बाई समोर येऊन उभी राहिली. सणसरच्या हिंदुराव तात्यांची थोरली बहीण, प्रयागबाई. तोंडात एकही दात नव्हता, पण गालात गाभुळलेली चिंच होती.

"मास्तर, लई ग्वाड वाजीवता तुमी," ती म्हणाली. "आमच्या इजयसिंहाच्या वरातीला सणसरला तुमीच या."

मोईननं म्हणायला पाहिजे होतं की मी मास्तर न्हाय, ते तिकडं हात धुत्यात. तो म्हणाला, "येतो की."

"चिंच घ्या थोडी," असं म्हणून तिनं कनवटीची चिंच पुढं केली आणि गालातली अशी काही चोखली, की मोईनच्या तोंडाला धरण फुटल्यासारखं पाणी सुटलं. मास्तर परत आले. गाणं सुरू करायची वेळ झाली, तरी मोईन आवंढेच गिळत होता. पहिल्या सुराला त्याच्या क्लॅरोनेटमधून बेडकासारखा आवाज आला. तेव्हाच त्याच्या डोक्यात त्या टोपीबरोबर ती चिंचही शिरली. शिरली ती शिरली, बाहेर निघेना.

घरी परवीन मशीनवर बँडचे उसवलेले कोट शिवत बसली होती. मोईन म्हणाला, "निरवांगीत एक बाई मला मास्तर म्हणाल्या."

"मग?"

"काय न्हाय. सांगितलं आपलं."

"टोपी तुमच्या डोक्यावर हुती का?"

"व्हय."

"मग त्या टोपीला म्हणाल्या," असं म्हणून तिनं दोरा तोडला.

मोईन हिरमुसला. त्याला वाटलं होतं, बायको म्हणेल, किती दिवस दुसरा वाजवणार, व्हा की मास्तर. तसं ती म्हणाली असती तर पुढचं निम्मं पाप तिच्या नावावर लागलं असतं. आता सगळं एकट्याला करावं लागणार होतं.

सणसरची सुपारी आली. वरातीच्या दिवशी मोईन बाजारात थांबला आणि चांगल्या गाभुळलेल्या चिंचा घेतल्या. वर तिखटमीठ मागून घेतलं. वाटेत तो स्वतःशी हुज्जत घालत होता. म्हातारीला चिंच द्यायला कुठल्या धर्मात बंदी आहे? तिनं ती कधी खायची, कुठं बसून खायची, हे काय आपण सांगतोय का? सणसर येईपर्यंत त्यानं स्वतःला बऱ्यापैकी निर्दोष सोडवलं होतं. उतरल्या उतरल्या त्यानं पुडी प्रयागबाईच्या हातात ठेवली.

प्रयागबाईचे गुडघे धरले होते, म्हणून हिंदुरावांनी तिच्यासाठी पिकअपमध्ये खुर्ची ठेवली होती. भाचा इजयसिंह घोड्यावर दिसावा म्हणून ती मागं तोंड करून बसली होती. पुढं पिकअप, मागं घोडा, आणि दोघांच्या मध्ये बँड. म्हणजे मास्तरांच्या थेट नाकासमोर प्रयागबाई.

मास्तरांनी गाणं उचललं. प्रयागबाईनं पुडी उघडली.

दात असलेला माणूस चिंच चावून मोकळा होतो. प्रयागबाईला ती सोय नव्हती. तिनं चिंचेचं बुटूक तिखटमिठात बुडवलं, गालात सारलं आणि चोखलं. आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. नाक वर गेलं, हनुवटी नाकाला भेटून आली, आणि शेवटी टाळूवर जीभ वाजली, टॉक.

मास्तरांच्या क्लॅरोनेटमधून आधी सूर आला, मग सूर आणि पाणी, मग नुसतं पाणी. त्यांनी रुमालानं तोंड पुसून पुन्हा फुंकलं. पुन्हा टॉक. ट्रंपेटवाला महिपतीही गळायला लागला. घोडा थांबला, नाचणारे हात वर करून तसेच उभे राहिले, आणि हिंदुराव गर्दीतून पुढं येऊन म्हणाले, "मास्तर, बॅटरी उतरली काय?"

मोईन मात्र आधीपासून रस्त्याकडेच्या उसाकडं तोंड करून उभा होता. त्यानं गाणं उचललं, आणि सगळी वरात त्याच्या क्लॅरोनेटवर नाचत मांडवापर्यंत गेली. आयुष्यात त्यानं इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं.

मांडवाच्या मागं मास्तर टोपी मांडीवर घेऊन बसले होते. कुणी काही केलंय, असा संशयही त्यांना आला नव्हता. म्हातारी चिंच खात होती, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. अशा बायका वरातींत पुष्कळ पाहिल्या होत्या.

"पूर्वी असलं काय व्हायचं न्हाय," ते म्हणाले. "ओठ गेले मोईन माझे. तू सांभाळलंस." त्यांनी आपल्या हातानं टोपी मोईनच्या डोक्यावर ठेवली आणि तुरा सरळ केला. मोईनला वाटलं, यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मग मोईनचं राज्य सुरू झालं. पहिल्याच वरातीत त्यानं क्लॅरोनेट ओठाला लावला, आणि त्याला मास्तरांचा तो ओला रुमाल आठवला. रुमाल आठवला की चिंच आठवायची, आणि चिंच आठवली की तोंडाला पाणी. समोर प्रयागबाई नव्हती, चिंच नव्हती, तरी क्लॅरोनेट गळायला लागला. दुसऱ्या वरातीत तसंच. बारामतीत एका वऱ्हाड्यानं विचारलं, बँडबरोबर पाण्याचा टँकर पण असतो का? तोंड कोरडं राहावं म्हणून मोईननं फुटाण्याचं पीठ खाऊन पाहिलं, तर पहिल्या फुंकेला ते सगळं उडून विहीणबाईंच्या पैठणीवर जाऊन बसलं. नुसतं चिंचेचं झाड दिसलं तरी तो रस्ता बदलून जाऊ लागला, आणि आपल्याकडं रस्त्याच्या कडेला झाडं कसली, तर चिंचेचीच.

अशात एक दिवस मेहबूबबी चाची, मास्तरांची बायको, मोईनच्या घरी आली. परवीननं चहा ठेवला.

"त्यांना घेऊन जा बाबा कुठंतरी," चाची म्हणाली. "दिवसभर घरात बसून माझ्या कुकरला म्हणत्यात, बेसूर हाय. शिट्टी पुरी हुईपर्यंत धीर न्हाय, मध्येच ग्यास बंद करत्यात. आठवडा झाला कच्चा भात खातीय मी. भाजीवालीला म्हणले, जरा वरच्या पट्टीत वरड. ती आता आमच्या गल्लीतच येत न्हाय." मग चहाकडं बघत ती हळू आवाजात म्हणाली, "आन रोज आरशापुढं उभं राहून ओठ चाचपत्यात."

चाची गेल्यावर कपबश्या गोळा करता करता परवीननं नवऱ्याला विचारलं.

"सणसरला जाताना बाजारात कशाला थांबला हुता तुमी?"

मोईननं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. मशीनवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "जावा. आत्ताच जावा."

मास्तर पडवीत बसले होते. मोईननं टोपी त्यांच्यासमोर ठेवली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "त्या बाईला चिंच मी दिली हुती. मुद्दाम."

आत कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मास्तर जागचे हलले नाहीत. त्या दिवशी चाचीचा भात शिजला.

"त्या बाईला ठाव हुतं?"

"न्हाय."

"परवीनला?"

"न्हाय. माझं एकट्याचं डोकं."

"म्हंजे माझं ओठ चांगलं हायत?"

"एकदम चांगलं, मास्तर."

मास्तर आत गेले, क्लॅरोनेट घेऊन आले आणि वाजवू लागले. सूर स्वच्छ लागला, तसे त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाजवता वाजवता ते मोईनकडं रागानं बघत होते, त्यामुळं गाणं लग्नाचं असूनही लढाईचं वाटत होतं.

"तू टोपी मागितली असतीस तर मी दिली नसती," शेवटी ते म्हणाले. "खरं सांगतो, नसतीच दिली. पण भांडायला तरी आलं असतं आपल्याला. हे काय केलंस?"

मोईननं खाली ठेवलेली टोपी त्यांच्याकडं सरकवली.

मास्तरांनी त्याला बँडमधून काढलं नाही, जनरेटरच्या गाड्यावर घातलं. वरातीच्या सगळ्यात मागं, दिव्यांच्या वायरी सांभाळत, डिझेलचा धूर खात गाडा ढकलायचा. तिथं क्लॅरोनेट ऐकूसुद्धा येत नाही. मोईननं मुकाट्यानं गाडा धरला. महिपतीनं कारण विचारलं तेव्हा त्यालाही सगळं खरं सांगितलं. महिपती तेव्हापासून त्याच्यासमोर काही खात नाही.

मास्तर पुन्हा पुढं उभे राहिले, पण त्यांच्या मनात आता धसका बसला होता. वरातीत कोण काय खात असेल याचा नेम नव्हता. ते डोळे मिटून वाजवू लागले, आणि ते कुणाला कळू नये म्हणून वर काळा गॉगल लावला. लोकांना वाटलं, ही नवी फॅशन. महिन्याभरात बारामतीतल्या दोन बँडच्या मास्तरांनी गॉगल घेतले.

ते बिचारे डोळे उघडे ठेवून गॉगल लावत होते. आमच्या मास्तरांचे मात्र खरोखर बंद. बारामतीच्या एका वरातीत घोडा उजवीकडं वळला आणि मास्तर सरळ गेले. मास्तर गेले म्हणून बँड गेला. बँड गेला म्हणून नाचणारे गेले. सगळे जण वाजतगाजत शेजारच्या कार्यालयात शिरले. तिथं एका पोराच्या बारशाचं जेवण चाललं होतं. त्या लोकांना वाटलं, मामाकडून सरप्राईज आलंय. तेही उठून नाचले. बाळाच्या आजोबांनी मास्तरांना फेटा बांधला. इकडं खरा नवरदेव घोड्यावर एकटाच, मागं मोईन आणि जनरेटर, एवढेच रस्त्यावर उरले.

मोईन गाडा सोडून पळत गेला आणि मास्तरांच्या कानाशी ओरडला, "मास्तर, डोळे उघडा. हे बारसं हाय."

मास्तरांनी गॉगल वर केला. समोर पाळणा होता.

बाहेर आल्यावर ते फेट्यावरून हात फिरवत थोडा वेळ उभे राहिले. नवरदेवाचे काका लालबुंद होऊन काहीतरी बोलत होते, त्यांना मास्तरांनी बोलू दिलं. मग म्हणाले, "मोईन, तो गाडा महिपतीकडं दे. हितं ये. खांदा पुढं कर."

मोईननं खांदा पुढं केला. मास्तरांनी गॉगल खाली ओढला, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून पकड नीट बसली का ते पाहिलं, आणि दोन्ही हातांनी वाजवायचं असतं हे लक्षात येऊन हात काढला. शेवटी त्यांनी त्याच्या कोटाची बाही आपल्या कोपराला दोरीनं बांधून घेतली.

"पुढं खड्डा हाय का?"

"हाय, मास्तर."

"मग गप का हायस? मला काय दिसतंय?"

"जरा डावीकडनं घ्या," मोईन म्हणाला, आणि बाही हलकेच ओढली. मास्तर डावीकडं वळले, त्यांच्या मागं अख्खा बँड वळला, आणि गाणं सुरू झालं.