ऊन न लागलेलं पाणी

"चुना मारायचे दिवस आले की तुझ्या त्या काचांवर डोळा ठेव गं," आरासेलीच्या सासूबाई, बिर्तुदेस, टोमॅटो चिरता चिरता म्हणाल्या होत्या. "चुन्याचा पाइप हातात आला की आमची माणसं थांबत नाहीत. तुझ्या सासऱ्यांनी पॉलिहाऊसबरोबर शेजाऱ्याची गाडीही रंगवली होती. गाडीत कुत्रा होता!"

आरासेली पोट धरून हसली आणि विसरून गेली. कडेवर आल्बा होती, अजून वर्षाचीही नाही, सारखी खोकणारी. काळजीच करायची तर त्या खोकल्याची करावी, काचांची कशाला?

आल्मेरियाच्या त्या समुद्रकाठच्या पट्ट्यात ऑगस्टमध्ये ढोबळी मिरचीची कोवळी रोपं लागतात, आणि ती करपू नयेत म्हणून पॉलिहाऊसच्या प्लास्टिकच्या छपरांवर सावलीसाठी चुना फवारतात. आरासेलीचं काम नेमकं उलटं. तिला ऊन हवं असायचं, जितकं मिळेल तितकं. सहकारी संस्थेच्या अंगणात काचेच्या नळ्यांच्या रांगा होत्या. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे धुतलेलं पाणी त्यांतून फिरायचं. त्यात टायटॅनियमची पांढरी पूड कालवलेली असायची. उन्हाने ती पूड जागी व्हायची आणि विषाचे तुकडे तुकडे करायची. दिवसभर ऊन, रात्रभर टाकीत निवळणं, मग पाणी पाटात. नळ्यांतलं पाणी ताकासारखं दिसायचं, म्हणून बाहेरून नळ्यांवर चुना बसला तरी कोणाला पत्ता लागला नसता.

तसंच झालं. आल्बाच्या तापात आरासेली दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या सकाळी आली तर ऊन तपासायला तिने नळीत टांगलेली निळ्या रंगाची कुपी बाहेर काढल्यावरही निळीच. ऊन पोचलं असतं तर रंग एका दिवसात उडाला असता. तिने शेजारच्या नळीवर नख ओढलं. नखात चुना.

"द्रिस!"

चुना मारणारा द्रिस छपरावरून उतरला. नळ्यांकडे पाहून त्याचं तोंड उतरलं. "बाई, अध्यक्ष म्हणाले, रोपवाटिकेची काच दिसेल तिथे मारून टाक. ही पण काचच. आत पांढरं, बाहेर पांढरं... मला वाटलं, आधीच अर्धी मारलेली आहे."

"आणि पाणी?"

"एक टाकी काल सोडली," मागून इंदालेसिओचा आवाज आला. संस्थेचे अध्यक्ष, हातात टाकीच्या व्हॉल्व्हचा पाना. "दुसरी आत्ता सोडतोय. बाजूला हो, पोरी."

"या पाण्याला ऊन लागलेलं नाही. विष तसंच आहे."

"काल सोडलं, कोण मेलं?"

"मेल्यावर कळवतील तुम्हाला." व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर लोखंडी झाकण होतं, उन्हाने तापलेलं. आरासेली त्यावर बसली. "आता सोडून दाखवा."

"दुपारपर्यंत पाणी नाही पोचलं तर रोपं माना टाकतील. सगळ्या गावाची रोपं!"

"टँकर मागवा."

"मारियामातेच्या सणाला? ड्रायव्हर समुद्रावर पडलेत."

"मग समुद्रावरून उठवा."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ द्या. माझी मुलगी त्या पाटाजवळच्या विहिरीच्या पाण्याने अंघोळ करते. कोणती नोकरी मला त्याहून मोठी आहे, सांगा बरं?"

इंदालेसिओने तिच्या दंडाला हात घातला. तेवढ्यात फाटकातून समुद्रावरची मोठी रंगीत छत्री आत आली, तिच्याखाली बिर्तुदेस, आणि काखेत आल्बा.

"हात काढ," बिर्तुदेस म्हणाल्या. "आणि जरा सरक. माझ्या सुनेवर सावली पडत नाहीये."

"बिर्तुदेस, तू तरी समजाव हिला."

"मी समजावलं होतं. हसली माझ्यावर." त्यांनी छत्री मातीत रोवली. "आज मात्र शहाणी झालीय. बसू दे." मग त्या आरासेलीकडे वळल्या. "पोरीचा ताप उतरलाय, बघ. पण तिला इथे नाही ठेवायची, मी लगेच परत नेते, एवढं ऐक."

आरासेलीने आल्बाच्या कपाळाला हात लावला. थंड. तिने मान हलवली, आणि सासूबाई गेल्या.

मग इंदालेसिओने शिव्या देत एक फोन केला, मग दुसरा. ड्रायव्हर मिळाला. टँकर येईपर्यंत रोपं कशीबशी तग धरतील असं तोच पुटपुटला, आणि पाना खिशात घालून खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. ती उठेल याची वाट बघत. ती उठली नाही. उठली असती तर टँकरचे पैसे वाचवायला त्याने पाणी सोडलंच असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

राहिली ती काल सुटलेली टाकी. द्रिस मोपेडवरून पाटाकाठी घरोघर सांगत सुटला: पाणी भरू नका, शेळ्यांना पाजू नका. परतल्यावर त्याने व्हिनेगरचा बोळा घेतला आणि नळ्या घासता घासता म्हणाला, "सगळ्यांना सांगितलं, बाई. एक राहिला. कोस्मेआजोबा."

म्हातारा कोस्मे कोरड्या नदीपात्रापलीकडे एकटा राहतो. त्याच्याकडे फोन नाही, नळही नाही. तो पाटातच घागर बुडवतो. संस्थेशी त्याचं जुनं भांडण आहे.

"दार वाजवलं?"

"वाजवलं ना. 'संस्थेचा कोणी असशील तर चालता हो!' म्हणाला. मी म्हटलं, आजोबा, पाणी पिऊ नका. कानाने कमी ऐकू येतं त्यांना. मग काहीच आवाज आला नाही."

"परत जा."

"गेलो होतो. पुन्हा आवाज नाही."

आरासेली झाकणावरून हललेली नाही. समोर इंदालेसिओ, खिशात पाना. आल्बाजवळ बिर्तुदेस. कोस्मे द्रिसला दार उघडत नाही. म्हणून फाटकावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हाक मारून सांगते आहे, आणि तुम्हालाही सांगते: समुद्राकडे निघाला असाल तर नदीपात्र ओलांडून जरा आत वळा. निळं दार आहे, अंजिराखाली. मुठीने वाजवा, खिडकीवरही थापा मारा. संस्थेचं नाव काढू नका, आरासेलीने पाठवलं म्हणा. घागर भरलेली असेल तर ओतून द्या, तुमच्याकडचं पाणी त्याला द्या. आणि तो बोलत नसेल तर दार ढकलून आत जा, थांबू नका.