ठोका लानचा, नाव सिओकचे

मित्रांनो, माझी कीव करायला येणार असाल, तर आल्या पावली परत फिरा. मी मलेशियातल्या मेलाका बंदराचा एक जुना दगडी खलबत्ता आहे आणि मी रागावलेलो आहे.

गेओक निओ नावाच्या बाईने मला पाथरवटाकडून आणले, आठ दिवस ओले तांदूळ कुटून माझी कच काढली आणि मग कामाला जुंपले. आमच्या बंदरावर जो उतरला, तो कोंबडी रांधण्याची आपली रीत मागे ठेवून गेला. पोर्तुगीज वंशाच्या शेजाऱ्यांच्या जहाल रश्श्यासाठी मी मोहरी आणि लाल मिरच्या सोसल्या, तमिळांच्या रश्श्यासाठी धणे, मलय रश्श्यासाठी गवती चहा आणि ओली हळद, घरच्या चिनी वळणाच्या कोंबडीसाठी लसूण आणि छोटे कांदे.

हे सारे कुटत असे लान, गेओकच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. तिचा ठोका असा पडे, की मिरची उडत नसे आणि मला दुखतही नसे.

आमच्याकडे मुलगी पाहायला आलेल्या बायका तिचा चेहरा नंतर पाहतात, आधी तिचे कुटणे ऐकतात. ठोका एकसारखा असला, की मुलगी घर सांभाळील असे समजतात. गेओकच्या मुलीला, सिओकला, आपल्या मुलासाठी पाहायला चू बिबिक आली; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे बिबिक म्हणतात. दिवाणखान्यात चहा ठेवून गेओक आत आली आणि लानला हळूच म्हणाली, "तू कुट. सिओकच्या हाताला वळण नाही. आणि बाहेर तोंड दाखवू नकोस, समजलं?"

लानने कुटले. बाहेर सिओकचे लग्न ठरले. पाठवणीत मलाही दिले.

नव्या घरी बाराव्या दिवशी सिओकने पहिली कोंबडी रांधायला घेतली. बत्ता कधी माझ्या काठावर, कधी तिच्याच बोटावर. चू बिबिक दारात येऊन उभी राहिली.

"सूनबाई, मी ऐकलं होतं ते असं नव्हतं."

सिओकने मान वर केली नाही. "या दगडातच खोट आहे, आई."

माझ्यात खोट! दुसऱ्याच दिवशी मिक्सर आला आणि माझी रवानगी परसात झाली. तेवीस वर्षे मी कोंबड्यांना पाणी पाजले. त्यांची विष्ठा माझ्या अंगावर वाळत राहिली.

चू बिबिकच्या सत्तरीला पाच तऱ्हांची कोंबडी करायची ठरली. सिओकला एकटीला ते झेपेना, म्हणून लानला बोलावणे गेले. मिक्सरमधला मसाला बोटावर घेऊन तिने चाखला आणि ती सरळ परसात आली. मला उचलले, वाळूने घासले, उकळत्या पाण्याने धुतले आणि कुटायला बसली.

थोड्याच वेळात ठोका ऐकून चू बिबिक काठी टेकत आत आली.

"म्हणजे तेव्हाही तूच होतीस."

"जाऊ द्या, बिबिक. पाहुणे खोळंबलेत."

म्हातारी बराच वेळ तिच्या हातांकडे पाहत राहिली. मला वाटले, आज न्याय होणार.

पाहुणे बोटे चाटत जेवले. ही चव कोणाच्या हातची, असे कोणीतरी विचारले. चू बिबिक सर्वांदेखत म्हणाली, "माझ्या सुनेच्या. तिचं कुटणं ऐकूनच तर तिला आणली मी."

सिओक हसली. लान उष्टी ताटे उचलत होती.

गेओक लेकीसाठी खोटे बोलली, सिओक भीतीने बोलली. त्या दोघींना मी एखादे वेळी क्षमा करीन. चू बिबिकला मात्र सत्य ठाऊक झाले होते, आणि तरीही तिने घराची अब्रू राखली. त्या अब्रूखाली लान दुसऱ्यांदा कुटली गेली.

जुनी भांडी जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. दगड परसातही जगतो. पण मित्रांनो, कोणत्याही देशाच्या रीतीची कोंबडी तुमच्या ताटात येवो, पहिल्या घासाआधी उठून आत जा. जिने कुटले तिचे नाव विचारा आणि बाहेर येऊन ते सर्वांना ऐकू जाईल असे सांगा. त्या जेवणाच्या दिवशी मला ते सांगता आले नाही. तुम्हाला तोंड आहे.