घड्याळजींच्या छातीवरचा पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, छातीचा. माझं रबर आता चिरलं आहे, इलॅस्टिक सैल पडलं आहे आणि माझा मुक्काम घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलाच्या खालच्या खणात, निकामी स्प्रिंगांच्या शेजारी आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर एखाद्या बॅगेचा तुटका बंद समजून फेकूनही द्याल. पण मी एका माणसाचं काळीज रोज सकाळी ऐकलं आहे. जे ऐकलं ते सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून माझा जीव किती टांगणीला लागला होता ते मलाच ठाऊक.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने मला शिवलं, दुसरीने माझ्या पोटात बटणाएवढं यंत्र बसवलं. तपासनिसाने मला स्वतःच्या छातीला बांधलं तेव्हा मी पहिल्यांदा ठोके ऐकले आणि दचकलोच. ठोके मोजणं तर कोणीही मनगट धरून करेल. मी दोन ठोक्यांमधली जागा मोजतो. माणूस शांत बसला असला तरी ती जागा सारखी नसते. श्वास आत घेतला की ती जराशी आवळते, सोडला की सैलावते. वय वाढतं तसा हा लवचिकपणा कमी होतो. ज्यांचा फारच कमी होतो, त्यांच्यातल्या काहींची आठवण आणि लक्षही थकू लागलेलं असतं, असं आमच्या डॉक्टरबाई म्हणत. त्या वयस्कर माणसांची स्मरणशक्ती तपासत आणि मला काही दिवस त्यांच्या घरी पाठवत.

असाच मी घड्याळजींच्या घरी आलो. त्याला कारण झाली भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली. ती साखरेच्या डब्यात सापडली होती. घरात हसून हसून पुरेवाट झाली, पण औषधांच्या दुकानात काम करणारी त्यांची मुलगी हसली नाही. घड्याळजी स्मरणशक्तीच्या तपासणीला काही केल्या तयार होईनात. "या वयात मला परीक्षेला बसवतेस?" म्हणाले. शेवटी निदान पट्टा तरी बांधा, एवढ्यावर तडजोड झाली.

पहिल्याच सकाळी मुलीने माझं रबर ओलं केलं आणि मला त्यांच्या छातीला बांधलं. फोनवर एकेका ठोक्याची रेघ उमटू लागली. घड्याळजींनी सवयीने डोळ्याला भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, इकडे ये! रेघेला रेघ जुळतेय बघ," ते आपल्या बायकोला, म्हणजे आजींना, म्हणाले. "उभ्या आयुष्यात इतकं नेमकं यंत्र माझ्या हातात आलं नाही."

मला मात्र वेगळंच ऐकू येत होतं. ते श्वास घेत होते, सोडत होते, आणि ठोक्यांमधली जागा जिथल्या तिथे होती.

"मग मलाही बांधा," आजी म्हणाल्या. "बघू तरी कोणाचं काळीज जास्त शहाणं आहे ते."

आजी रोज मैत्रिणींबरोबर तलावावर पोहायला जात. त्यांच्या छातीवर मला हायसं वाटलं. श्वासागणिक ठोके जवळ येत होते, लांब जात होते. मी खुशीत होतो, पण घड्याळजींचा चेहरा पडला. ज्या घड्याळाची टिकटिक सारख्या अंतराने पडत नाही, त्याला ते लंगडं म्हणत. असं घड्याळ आज ना उद्या बंद पडतं, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"हे लंगडतंय," ते हळूच म्हणाले. "आजपासून तुझं पोहणं बंद."

मित्रांनो, घड्याळाचा नियम त्यांनी माणसाला लावला! आजींनी आधी थट्टा केली, मग त्याही घाबरल्या. जिना चढताना छातीला हात लावू लागल्या. घड्याळजींनी त्यांची पोहण्याची पिशवी लपवून ठेवली आणि स्वतः मात्र निश्चिंत झाले. आता कोणी तपासणीचा विषय काढला की ते फोन पुढे करत. मुलगीही मग विषय सोडून देई. तिने त्या रेघा डॉक्टरबाईंना दाखवायला हव्या होत्या, पण आईच्या काळजीत ते राहूनच गेलं.

एका सकाळी ते मला न सोडताच कामाला बसले. एक मनगटी घड्याळ जोडून झालं, झाकण बसलं आणि टेबलावरच्या कापडावर एक बारीक दातेरी चाक उरलं. त्यांनी समोरच्या घड्याळांवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली. छातीत धडधड वाढली, पण ठोक्यांमधली जागा तशीच, जणू आखून घेतलेली. इतक्यात आजी चहा घेऊन आल्या. घड्याळजींनी चाकावर हात ठेवला आणि मग ते गुपचूप खिशात टाकलं. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कसा?

आठवड्याने ते आजींनाच घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. मुलगीही सोबत होती. बाईंनी आजींना झोपवून नीट तपासलं आणि हसल्या. "तुमचं काळीज श्वासाबरोबर हलतंय. याला आजार म्हणत नाहीत. खुशाल पोहा." मग त्यांनी घड्याळजींच्या रेघा पाहिल्या आणि त्यांचं हसू थांबलं.

"काका, काळीज घड्याळासारखं चालावं अशी अपेक्षाच नसते. नुसत्या या रेघांवरून मी काही ठरवणार नाही. पण स्मरणशक्ती तपासून घेऊ या का?"

घड्याळजींनी खिशात हात घातला आणि ते चाक टेबलावर ठेवलं.

"हे कुठल्या घड्याळातलं आहे, मला आठवत नाही," ते म्हणाले. "लंगडं हिचं काळीज नव्हतंच. मी होतो."

आजींनी त्यांचा हात धरला. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पुढे तपासण्या झाल्या, औषधं सुरू झाली आणि बाईंनी मला त्यांच्याकडेच राहू दिलं. रोजचं चालणं आणि सावकाश श्वास सोडणं हा नेम झाला. आजी नवी पिशवी घेऊन पोहायला जाऊ लागल्या आणि घड्याळजी तलावाच्या कडेकडेने फेऱ्या मारू लागले. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. काही दिवस बरे जात, काही दिवस जात नसत.

एकदा मी छातीवर असताना घड्याळजींनी, गिऱ्हाइकांनी परत न नेलेली घड्याळं ठेवायचं कपाट उघडलं. आत आजींची पोहण्याची जुनी पिशवी होती.

"ही इथे कोणी ठेवली गं?" त्यांनी विचारलं.

आजींनी पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "मीच ठेवली," त्या म्हणाल्या. "या, बसा. श्वास सोडा बघू सावकाश."

त्यांनी सोडला. तेवढ्यापुरती दोन ठोक्यांमधली जागा किंचित, अगदी किंचित सैलावली. इतकी कमी की भिंगातूनही दिसली नसती. मी ती घट्ट धरून ठेवली.

मित्रांनो, मी आता खणात पडून आहे याचं मला दुःख नाही. बोचते ती एकच गोष्ट. साखरेच्या डब्यात किल्ली सापडली तेव्हा सगळे हसले. तुमच्या घरी कोणाची किल्ली अशी भलतीकडे सापडली, तर हसा जरूर. पण हसून झाल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बसा. कदाचित त्यांच्याही खिशात एखादं चाक असेल.