समोरचं मुसळ

मी एक जुनं, काळ्या दगडाचं उखळ आहे, मित्रांनो. मुळशीच्या पाण्याकाठच्या एका वाडीत, पडवीच्या जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेलं. हसू नका! माझा जन्म ज्या गावात झाला, ते आज धरणाच्या तळाशी आहे. तिथं अनुसया आणि गोजरा या दोघी बहिणी माझ्यात भात सडायच्या. आमच्याकडे भात जोडीनं सडतात. एकीचं मुसळ वर गेलं की दुसरीचं खाली येतं. धाकट्या गोजराचा घाव हलका, जरा तिरका पडायचा. तो मी लाखात ओळखीन.

गोजरा पोरवयातच तापानं गेली. पुढं गावात पाणी चढू लागलं, तेव्हा मला उपटून अनुसयेच्या सासरी आणलं. बरीच वर्षं माझा थाट होता. मग भात सडायची गिरणी आली आणि मला कोणी विचारेना. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. काय दिवस आले!

तोवर अनुसया म्हातारी झाली आणि विसरू लागली. आधी चुलीवरचं दूध, मग साहेबराव आपलाच मुलगा, हेसुद्धा. दुपार कलली की ती उठायची.

"म्हायेरी जाते. गोजरा वाट बघतीया."

आणि सरळ पाण्याकडे चालू लागायची. एकदा तर तिला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढलं. लोक म्हणाले, बाधा आहे. साहेबरावानं देवऋषी आणला, लिंबू उतरवलं, आणि शेवटी हात टेकून आईचा पाय दोरानं खांबाला बांधला. बांधताना तो रडत होता.

सून रत्नाबाईला ते बघवेना. तिनं दोर सोडला, माझ्यात पसाभर भात ओतलं आणि सासूच्या हाती मुसळ दिलं.

"आत्याबाई, येवढं सडून द्या की."

काय सांगू! घास तोंडाशी न्यायचं विसरलेले ते हात झपाझप चालू लागले. पण एक घाव घातला की ती थांबायची, दुसरीच्या घावाला वेळ द्यायची. आणि मित्रांनो, तेवढ्यात घाव पडायचा. हलका, जरा तिरका. समोर तर कोणी नसायचं. मी दगड, पण मलाही कापरं भरलं.

रत्नाबाईला वाटलं, चला, जीव रमला. ती निर्धास्तपणे जवळच्या भाताच्या खाचरात जाऊ लागली. एका दुपारी तो हलका घाव थांबला. अनुसयेनं कान दिला, "व्हय गं, येते," म्हणाली आणि मुसळ टाकून निघाली. आवाज बंद झाल्याचं लक्षात येताच रत्नाबाई बांधावरून धावली, आणि तिनं सासूला पाण्याच्या अगदी काठावर गाठलं. म्हातारीनं हिसडा दिला.

"सोड! येकटीनं कुटं भात सडत्यात व्हय?"

काम दिलं, पण जोडीण द्यायची राहिली, हे रत्नाबाईला तिथंच कळलं. घरी येऊन तिनं माळ्यावरचं दुसरं मुसळ काढलं आणि समोर उभी राहिली.

"लई येळ केलास, गोजरे," अनुसया हसली.

रत्नाबाईनं आपलं नाव सांगितलं नाही. "व्हय, झाला खरा," एवढंच म्हणाली. दोर चुलीत गेला. पुढं कितीतरी पावसाळ्यांनी अनुसया गेली, ती अंथरुणावर, सुनेच्या मांडीवर.

रत्नाबाईचा घाव जड. ती उभी राहिल्यापासून तो हलका घाव माझ्यात पडला नाही. पण अनुसया होती तोवर, भर उन्हाळ्यातही, दुपार कलली की पडवीच्या पायरीवर ओली पावलं उमटायची. जरा थांबायची आणि परत फिरायची.

म्हणून विनवतो, मित्रांनो. घरात असं विसरणारं माणूस असेल तर त्याला बांधू नका. हाताच्या ओळखीचं काम द्या आणि समोर तुम्ही उभे राहा. ती जागा रिकामी दिसली, तर तिथं कोण येऊन उभं राहील, सांगता येत नाही.