मापाचा माणूस

प्रत्येक महानगराच्या ललाटी उदयाचा एक सुवर्णक्षण विधात्याने स्वहस्ते कोरलेला असतो. या नगराच्या ललाटी जकातनाका कोरलेला होता. सोने होते ते पलीकडे, खाडीवर. आणि तेही संध्याकाळपुरते.

संध्याकाळी मिठागरे पेटत. पाणथळ, आरसपानी वाफे एकामागून एक तांबूस होत. मिठाच्या धवल राशी क्षणभर केशरी, क्षणभर जांभळ्या, आणि मग विझल्या चुलीसारख्या करड्या. पाण्यावर सोनेरी धुळीसारखे काहीतरी थव्याथव्याने तरळत राही. दुरून पाहणाऱ्याला ती धूळच वाटे.

या सोन्यावर नगर आले. पाहुण्यासारखे आले असते तर गेलेही असते. ते जावयासारखे आले: बसले, पाय पसरले, आणि उठलेच नाही. आधी खडीचा रस्ता, मग घंटाघर, मग जलकुंभ, मग कचेरी, मग कचेरीसाठी आणखी एक कचेरी. वाफ्यावर वाफा बुजला. बांधावर बांध निजला. खारा वारा भिंतींवर आपटून परत खाडीवर गेला, आणि तिथे बसून त्याने भिंतींचे लोखंड कुरतडायला घेतले. वैर म्हणावे तर ते त्या वाऱ्याचे.

आणि पोशीबाईचे.

पोशीबाई भोईर, माहेरची घरत, राहणार खारवडी. तिला नगर आवडत नसे, हे वाक्य फार सुसंस्कृत झाले. घंटाघराचा टोला पडला की ती डाव्या बाजूला थुंकत असे. घंटाघर पंचवीस मिनिटे मागे चालत असल्यामुळे ती नेहमी चुकीच्या वेळी थुंकायची. पण श्रद्धेने थुंकायची.

तिच्या देव्हाऱ्यात माहेरचे देव होते. भाऊ निपुत्रिक गेला आणि देव बहिणीच्या पदरी आले. तांदळाच्या राशीवर रुप्याचे टाक ओळीने उभे: आजा, पणजा, पणज्याचा भाऊ. अंगठ्याएवढा पत्रा, पत्र्यावर ठोकलेला एक पुरुष, पुरुषाच्या हाती तलवार. त्या घराण्यात तलवार कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. सगळ्यांचा जन्म मिठाचे फावडे ओढण्यात गेलेला. पण सोनाराकडे ठसा एकच असे. त्यामुळे मेल्यावर सर्वांना एकच नाक, एकच मिशी आणि तलवार मिळे. जिवंतपणी काही न मिळालेल्यांची त्याबद्दल तक्रार नसे.

त्या रौप्य-रांगेच्या टोकाला एक सुपारी होती. ती सुपारी म्हणजे पोशीबाईचा बाप, जोमा घरत.

जोमा गेला तेव्हा पोशी पाळण्यात होती. रीतीप्रमाणे सोनाराकडून त्याचा टाक आला. पोशीच्या आईने तो समईपुढे धरला, उलटला, पुन्हा धरला. "ह्यो माजा दादला नाय," म्हणाली, आणि टाक परत धाडला. मग दादला होता कसा, ते मात्र तिने कुणाला सांगितले नाही. आणि पोशी विचारण्याएवढी झाली तेव्हा आईला आपले तोंडही आरशात ओळखू येईनासे झाले होते. तेव्हापासून जोमा सुपारी होता. दर दिवाळीला तो बदलावा लागे. कीड लागे.

बिनचेहऱ्याचा बाप. बिनचेहऱ्याचा देव. ओळीतली ती एक तपकिरी, गोल, मुकी जागा. साठी उलटून गेलेली पोशीबाई रोज सकाळी तिला हळद वाहायची आणि रोज सकाळी तिला वाटायचे, आपण वाण्याच्या दुकानातल्या मालाच्या पाया पडतो आहोत.

गावाला जोमा आठवत होता, पण वेगळ्या नावाने. टिपणिसाचा खांब.

त्याचे असे झाले. दामोदर टिपणीस नावाचे गृहस्थ नगरपालिकेचे छायाचित्रकार होते. नवी इमारत उभी राहिली की तिच्यासमोर तिवई रोवून, काळ्या कापडाखाली शिरून, काचेवर ती उतरवणे हे त्यांचे काम. इंजिनिअरसाहेबांची एकच अट होती: इमारतीशेजारी एक माणूस उभा पाहिजे, म्हणजे उंची कळते. आणि माणूस दर वेळी तोच पाहिजे, म्हणजे सगळे नगर एकाच मापाने मोजले जाते. नगराच्या वैभवाला गज हवा होता. गज म्हणून जोमा सापडला.

म्हणून घंटाघरापाशी जोमा. जलकुंभापाशी जोमा. पुलाच्या कमानीखाली, कचेरीच्या पायऱ्यांवर, नव्या कत्तलखान्याच्या दारात जोमा. ज्या ज्या ठिकाणी त्याने फावडे ओढले, त्या त्या ठिकाणी त्याला इमारतीचा आकार कळावा म्हणून उभा करण्यात आला. गावाने पोशीला लहानपणी खांबाची पोर म्हटले. आता म्हणे, खांबाची म्हातारी.

मग नगरपालिकेला शंभर वर्षे झाली. रिक्षावर कर्णा लावून नगरभर पुकारा झाला: टाउन हॉलमध्ये शतकाची दुर्मिळ छायाचित्रे, नगर आणि परिसर, प्रवेश विनामूल्य. खारवडीच्या नाक्यावर पोशीबाईने तो ऐकला. घंटाघराचा टोला पडला तरी ती थुंकली नाही. घरी जाऊन तिने देव्हाऱ्यातली सुपारी कनवटीला खोचली आणि सरळ पेठेत गेली.

"शेट, बापूस गावला," ती सोनाराला म्हणाली. "पत्रा घे. कोरणी घे. चल."

नारायणशेट पोतदार हे त्याच ठशाचे वारस. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोशीबाई, चाळीस वर्षं मेलेली माणसं ठोकतोय. एकाचंही तोंड बघून ठोकलेलं नाही."

"मग आता बघ."

तिच्या बोलीत 'तुम्ही' नव्हते. ते देवालाही नव्हते.

टाउन हॉलमध्ये करडे नगर भिंतींवर टांगले होते. करडे आकाश, करडे कळस, करडे घोडे, करड्या टांग्यातून उतरणारे करडे उपरणे. काळाची राख चाळून कुणी चौकटींत भरावी तसे. मधल्या दालनात इमारती. त्यांच्या नावाखाली बांधणाऱ्या कंत्राटदाराचे नाव, उद्घाटन करणाऱ्याचे नाव, उद्घाटनात भाषण करणाऱ्याचे नाव. मुतारीकडे जाणाऱ्या बोळात 'परिसरातील वस्त्या'. तिथे नावे नव्हती. तिथे लिहिले होते: 'मीठ काढणारे कुटुंब. उजवीकडे म्हैस.'

पोशीबाईने कुटुंब पाहिले, म्हैस पाहिली, आणि ती पुढे गेली.

आणि मधल्या दालनाच्या मधल्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत मोठे केलेले, काचेविना, मखमलीवर ताणलेले घंटाघर उभे होते. त्याच्या पायथ्याशी माणूस. कमरेला लंगोटी, खांद्याला फडके, हाताची बोटे मिठाने फुटलेली. आणि तोंड. स्वच्छ, भरदार, तेजःपुंज तोंड. रुंद कपाळ. पाणीदार डोळे. झुबकेदार, वळणदार, ऐटबाज मिशी.

पोशीबाईने पदराला हात पुसले. बापाच्या पायांना ओले हात लावू नयेत, एवढे तिला कळत होते. मग ती वाकली. त्या करड्या पावलांवर तिने डोके टेकले, आणि साठ वर्षांची सुपारी तिच्या छातीत कुठेतरी फुटली.

नारायणशेट आधीच बाकावर बसले होते. मांडीवर लाखेचा गोळा, लाखेवर पत्रा, आणि डोळा भिंतीवर. "काय मिशी आहे हो!" ते स्वतःशीच म्हणाले, आणि कोरणी टेकवली.

"हात लावू नका. डाग पडतात."

बोलणारे गजाननराव टिपणीस होते. दामोदर टिपणिसांचे चिरंजीव, शताब्दी समितीचे प्रमुख. अंगात बंद गळ्याचा कोट, कोटाला गुलाब.

"माजा बापूस हाय," पोशीबाई म्हणाली.

गजाननरावांनी तिला खालून वर पाहिले, इमारत पाहावी तसे. "तुम्ही जोमाच्या? आमच्याकडे हे नाव जेवताना घेत नसत. घास अडकायचा."

"तुज्याकडं घास तरी व्हता."

"बाई, तुमच्या वडिलांनी माझ्या वडिलांच्या काचा नासवल्या. एकूण एक! बाबा फक्त उतरत्या उन्हात झाकण उघडायचे, चार आकडे मोजायचे. चार आकडे होईपर्यंत गप उभं राहायचं, एवढंच काम. बाबा कापडाखालून ओरडायचे, हलू नको, अरे हलू नको! एकदाही जमलं नाही. घंटाघराची वीट न् वीट मोजून घ्या. आणि खाली हा. तोंडाच्या जागी नुसता धूर."

"तोंड तर हाय. मिशी पन हाय."

गजाननराव हसले. दोन पिढ्यांचे उधार एका हास्यात वसूल होत होते. "ते पेंटरने काढलंय. काल, या एकाच मोठ्या फोटोवर. शताब्दीला धूर बरा दिसेना, म्हणून नमुन्याला नगराध्यक्षांचा फोटो दिला."

बाकावर कोरणी थांबली.

पोशीबाई पाहत राहिली. याच नगराध्यक्षांनी गेल्या साली खारवडीच्या शेवटच्या बांधावर डबराचे ट्रक ओतले होते. हेच रुंद कपाळ ट्रकपुढे उन्हात चमकले होते. याच मिशीखालून 'विकास' हा शब्द निघाला होता. आणि आत्ता, भर दालनात, ती त्यांच्या पाया पडली होती.

तिने पदराचे टोक तोंडात धरून भिजवले. डाव्या बाजूला थुंकायची ती सारी थुंकी त्या टोकात आली होती.

आधी मिशी गेली.

"अहो! हात काढा! हलवू नका!" गजाननराव ओरडले, आणि बोळात म्हैस पाहत उभ्या असलेल्या मंडळींना वाटले, आतून कुणी म्हातारा कापडाखालून ओरडतो आहे.

मग डोळे गेले. मग कपाळ. नगराध्यक्ष पदरावर उतरले, करडे, चिकट, फारसे न उरणारे. आणि त्यांच्या खालून हळूहळू, साठ वर्षांच्या तळातून, धूर वर आला.

तो धूर होता, पण धुरालाही वळण होते. डाव्या टोकाला एक कान. उजव्या टोकाला एक कान. मध्ये एकावर एक साचलेली तोंडे: डावीकडे पाहणारे, उजवीकडे पाहणारे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. वाऱ्याने पाणी मोडावे तसा मोडलेला, मोडून पुन्हा जुळलेला, एकही डोळा न देणारा चेहरा.

पोशीबाई मागे सरली. शेजारच्या चौकटीपुढे गेली. तिच्या पलीकडच्या. तिच्याही पलीकडच्या.

जलकुंभापुढे तीच मान, डावीकडून उजवीकडे. पुलापुढे तीच मान. कचेरीपुढे, कत्तलखान्यापुढे, घंटाघरापुढे तीच. दगडी, चुनेगच्ची, गर्वोन्नत नगर निश्चल उभे; आणि त्याच्या पायथ्याशी एकच हलती गोष्ट. सगळे नगर ज्याच्याने मोजले, त्याने सगळ्या नगराला मान हलवली होती.

"तो हालला नाय," पोशीबाई म्हणाली. तिचा आवाज दालनभर घुमला, कारण दालन त्यासाठीच बांधले होते. "तो नाय बोलला."

"नाहीच म्हणायचं होतं, तर यायचं कशाला?"

"तुजा बापूस बोलवायचा. तोंडावर नाय बोलायला यावं लागतं."

गजाननरावांनी कोटावरचा गुलाब नीट केला. तो आधीच नीट होता. मग ते पेंटरला शोधायला गेले, कारण पाच वाजता नगराध्यक्ष यायचे होते.

नारायणशेटनी पत्रा उलटा केला. जन्मात प्रथमच त्यांचा हात ठशाबाहेर गेला. डोळे नाहीत, नाक नाही. दोन कान, आणि त्यांच्यामध्ये मोडलेल्या पाण्याच्या रेघा. "तलवार?" त्यांनी विचारले.

"फावडं."

खारवडीची रीत अशी, की नवा टाक घरात घेण्याआधी सोनाराने तो खाडीच्या पाण्यात उजळून द्यायचा. दोघे बांधावर पोहोचले तेव्हा ऊन उतरत होते. डबरातून वाचलेले दोनच वाफे उरले होते; तेवढे पेटले. तेवढ्यात सगळे आकाश उतरले. केशर, कुंकू, जांभूळ. पलीकडे नगर काळे, दातेरी, जबड्यासारखे. पाण्यावर सोनेरी धूळ थव्याथव्याने उठली.

नारायणशेटनी टाक बुडवला, घासला, दिला. पोशीबाईने कनवटीची सुपारी काढून ओहोटीच्या स्वाधीन केली. मग टाक तळहातावर घेऊन तिने तो नगराकडे धरला. रुपे पेटले. जोमा घरत, साठ वर्षांनी, चेहऱ्यासकट.

आणि तिची मान हलू लागली. डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे. संथ, ठाम, त्या चौकटींतल्यासारखी. नगराकडे तोंड करून, टोला पडत असताना.

नारायणशेटनी हात जोडले. "पोशीबाई... जोमा आला का अंगात? कोणाला नाही म्हणतो?"

"काय बोलतंस, शेट?" ती डोळे मिचकावत म्हणाली. "चिलटं हायत. डोळ्यांत जातात मेली."

नारायणशेटचीही मान हलत होती.

खाडीवर उतरत्या उन्हात चिलटं फार असतात.